५० मिनिटांचं सेशन ५५ वर का गेलं?

मानसोपचाराचं सेशन ५० मिनिटांचं ठरलेलं आहे. दिवसातल्या सहा क्लायंट्सपैकी पाचजण वेळेवर उठतात. सहाव्याचं मात्र गेले तीन आठवडे ५५, ५४, ५७ असं चाललंय. थेरपिस्टला विचारलं तर उत्तर तयार असतं: विषयच तसा निघाला होता, मध्येच तोडणं बरं दिसलं नसतं. उत्तर खोटं नसतं. पण विषय बाकीच्या पाचजणांचेही तसेच निघतात, आणि तिथे ते बरोबर तुटतात.

काउंटरट्रान्स्फरन्सबद्दल, म्हणजे क्लायंटबरोबर काम करताना थेरपिस्टच्या मनात उठणाऱ्या भावनांबद्दल, लिहिताना सुरुवात बहुधा ‘थेरपिस्टला काय वाटतं’ इथून होते, आणि माझ्या मते गाडी तिथेच चुकते. आपल्याला काय वाटतंय हे ज्याला कळलंय त्याचं अर्धं काम झालेलं असतं. घोळ होतो तो न कळलेल्या भावनेचा. ती आधी वागण्यात उमटते: मिनिटांत, फी मागायला लाजण्यात, एकाच क्लायंटची नोंद आठवडाभर लिहायची राहण्यात, एकालाच मेसेजचं उत्तर रात्री ११ ला देण्यात. भावना मागाहून ओळखू येते, कधीकधी येतच नाही. म्हणून आधी घड्याळ बघावं.

काउंटरट्रान्स्फरन्स समजायचा तर ट्रान्स्फरन्सपासून यावं लागतं: क्लायंटच्या जुन्या नात्यातली भावना थेरपिस्टवर उतरते, तो प्रकार. मराठीत त्याला कुणी भावसंक्रमण म्हणतं, कुणी स्थानांतरण. काम करणारे ट्रान्स्फरन्सच म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द. आपल्याकडे ‘वड्याचं तेल वांग्यावर’ अशी म्हण आहे, ती याच्या बरीच जवळ जाते. फरक एवढाच की म्हणीत वडा कुठला आणि वांगं कुठलं हे निदान बघणाऱ्याला दिसतं. इथे वड्याचा पत्ताच नसतो. क्लायंटला मनापासून वाटतं की समोर बसलेला हाच माणूस थंड आहे, हाच कंटाळलाय, यालाच आपल्या आधी येऊन गेलेला क्लायंट जास्त आवडतो. आणि पुरावे मिळतातही. थेरपिस्ट जांभई दाबतो, चष्मा पुसतो, घड्याळाकडे बघतो. जुनी भावना अशा छोट्याशा खऱ्या खुंटीवरच टांगली जाते.

मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने १८९५ साली, ब्रॉयर या डॉक्टरबरोबरच्या हिस्टेरियावरच्या पुस्तकात, याला ‘चुकीची जोडणी’ म्हटलं होतं: इच्छा जुन्या माणसाबद्दलची, जोडली गेली डॉक्टरला. त्याची जबर किंमत त्याला कळली ती डोराच्या उपचारात. १८ वर्षांची ही मुलगी ११ आठवड्यांनी, ३१ डिसेंबर १९०० ला, म्हणाली की आजची बैठक शेवटची. हे कधी ठरवलंस, असं त्याने विचारलं. पंधरवड्यापूर्वी, असं तिने सांगितलं. पंधरा दिवसांची मुदत म्हणजे मोलकरणीची किंवा गव्हर्नेसची नोटीस, हे फ्रॉइडने लगेच टिपलं. त्यावर तिलाही आठवलं की ज्या श्री. के. ने तिच्याशी लगट केली होती, त्याच्या घरच्या गव्हर्नेसने अशीच नोटीस दिली होती. इथवर सगळं ठीक. पण श्री. के. वर उगवायचा सूड ती आपल्यावर उगवतेय, हे मात्र वेळीच हाताळता आलं नाही, अशी कबुली त्याने १९०५ मध्ये छापलेल्या वृत्तान्ताच्या शेवटी दिली. त्या वृत्तान्तात त्याची स्वतःची अधीरता, आपलंच खरं करायचा हट्ट पानोपानी दिसतो. त्याबद्दल मात्र कबुलीत फारसं काही नाही. काउंटरट्रान्स्फरन्स हा शब्द त्याच्या छापील लेखनात यायला १९१० उजाडलं.

क्लायंटला थेरपिस्टबद्दल वाटतं ते सगळं ट्रान्स्फरन्स नसतं, हे इतकं सरळ असूनही रोज विसरलं जातं. थेरपिस्ट १० मिनिटं उशिरा आला आणि क्लायंट चिडला, तर तो चिडला कारण थेरपिस्ट उशिरा आला. आधी माफी मागायची. पुढच्या तीन आठवड्यांत तोच राग उतरला नाही, वाढत गेला, किंवा उलट क्लायंटच स्वतः उशिरा यायचं कारण शोधून माफी मागू लागला, तर तिथे काहीतरी जुनं हाललंय असं धरावं. ग्रीनसन या मनोविश्लेषकाने १९६७ मध्ये खुणा दिल्या आहेत त्या आजही कामाच्या: प्रसंगाला न शोभणारी प्रतिक्रिया, जरुरीपेक्षा जास्त तीव्रता (किंवा संशयास्पद थंडपणा), प्रेम आणि राग एकत्र असणं, लहरीपणा, आणि चिवटपणा. मला यातला चिवटपणा सगळ्यात भरवशाचा वाटतो. परिस्थितीतून आलेली भावना परिस्थिती बदलली की बदलते. ट्रान्स्फरन्सची भावना नवी माहिती देऊनही जागची हलत नाही.

ती उघड बोलली जात नाही, ही दुसरी अडचण. ‘लेकी बोले सुने लागे’ हा प्रकार इथे सर्रास चालतो, फक्त बोलणाऱ्यालाही ठाऊक नसतं की सून कोण. थेरपिस्टने १२ व्या मिनिटाला वाक्य तोडलं. १५ व्या मिनिटाला क्लायंट सांगू लागला की ऑफिसात बॉस कुणालाच पूर्ण बोलू देत नाही. बॉस खराखुरा असतो, त्याची सवयही खरी असते. पण ती आजच, आत्ताच का आठवली? मर्टन गिल या विश्लेषकाने १९८२ मध्ये यावरच भर दिला: क्लायंट ट्रान्स्फरन्स सोडायला जसा विरोध करतो, तसाच त्याची जाणीव व्हायलाही करतो, आणि ही जाणीव अशा आडून आलेल्या उल्लेखांतून मोकळी करावी लागते. एक सवय उपयोगी पडते. क्लायंट बाहेरच्या माणसाबद्दल तक्रार करू लागला की मनातल्या मनात मागची पाच मिनिटं चाळायची. मी काय केलं? काय केलं नाही? काही सापडलं नाही तर बॉसला बॉस राहू द्यायचं. प्रत्येक डॉक्टर, प्रत्येक सासू, प्रत्येक रिक्षावाला म्हणजे मीच, असं समजणारा थेरपिस्ट क्लायंटला वेडंपिसं करतो.

बोलायचं कधी, यावर फ्रॉइडचा १९१३ चा सल्ला साधा आहे: बोलणं विनाअडथळा चाललंय तोवर ट्रान्स्फरन्सला हात लावू नये. साधा विश्वास, थोडा आदर, ‘इथे यावंसं वाटतं’ इतकी ओढ, हे इंजिनातलं तेल आहे. ते बाहेर काढून तपासत बसलं तर गाडी बंद पडते. ट्रान्स्फरन्स अडथळा बनला, म्हणजे क्लायंट गप्प झाला, सारखा उशिरा येऊ लागला, फक्त थेरपिस्टला खूश करणारं बोलू लागला, की मग विषय काढायचा.

मात्रा किती? यावर मतं भरपूर आहेत, मोजमाप कमी. नॉर्वेतल्या एका प्रयोगात (२००६ मध्ये प्रसिद्ध) १०० जणांना वर्षभर, आठवड्यातून एकदा थेरपी दिली. निम्म्यांना प्रत्येक सेशनमध्ये साधारण १ ते ३ ट्रान्स्फरन्सबद्दलच्या टिप्पण्या मिळाल्या, निम्म्यांना मिळाल्या नाहीत. सरासरीत फरक पडला नाही. पण ज्यांची नाती आयुष्यभर डळमळीत राहिली होती, त्यांना या टिप्पण्यांचा जास्त फायदा झाला. समजूत नेमकी उलटी होती: मजबूत माणसालाच हे पेलतं, असं धरून चालत. आणि थोडक्या मुदतीच्या थेरपीत अशा टिप्पण्यांचा मारा केला तर निकाल बिघडतो, हे १९९१ पासूनच दिसू लागलं होतं. तेव्हा एका सेशनमध्ये एक, फार तर दोन, आणि भावना गरम असताना. निवलेल्या भावनेवर केलेली टिप्पणी म्हणजे वर्गातलं व्याख्यान.

शब्द कसे असावेत यावर बरंच अवलंबून असतं. “तुम्ही मला तुमच्या वडिलांच्या जागी बघताय” हे वाक्य शिकाऊ थेरपिस्टला फार प्रिय असतं, आणि ते जवळजवळ नेहमी फसतं. त्याचा अर्थ क्लायंटला असा ऐकू येतो: राग माझ्यावरचा नाहीच, मी सुटलो. क्रम उलटा हवा. आधी आत्ता काय झालं ते: “मघाशी मी तुमचं बोलणं तोडलं. त्यानंतर तुमचा आवाज खाली गेला.” मग थांबायचं. क्लायंट ‘छे, तसं काही नाही’ म्हणतो, हरकत नाही. मग: “तसं नसेलही. पण मी तोडलं तेव्हा काय वाटलं?” यातून काही निघालं, तर त्या भावनेत राहायचं, ती या खोलीत कशी वाटतेय ते नीट बघायचं. वडील येतात ते सगळ्यात शेवटी, आणि बहुतेक वेळा क्लायंटच त्यांना घेऊन येतो. त्यानेच आणलेले वडील कामाचे. आपण ओढून आणलेले वडील सेशन संपलं की दारातच राहतात.

आता पुन्हा त्या पाच मिनिटांकडे.

फ्रॉइडला काउंटरट्रान्स्फरन्स म्हणजे विश्लेषकाच्या डोळ्यात गेलेलं कुसळ वाटायचं. ते काढायचं आणि पुढे जायचं. पावला हायमान या विश्लेषक बाईने १९४९ मध्ये विश्लेषकांच्या झुरिकच्या अधिवेशनात वाचलेल्या आणि १९५० मध्ये छापलेल्या निबंधात बाजू पालटली: थेरपिस्टच्या मनात उठणारं हे क्लायंटच्या अबोध मनाबद्दलचं साधन आहे. पण त्याच निबंधात तिने बजावलंय की ते क्लायंटला सांगत सुटायचं नाही. तो कबुलीजबाब होतो आणि त्याचं ओझं क्लायंटवर पडतं. पुढे अनेकांनी पहिलं वाक्य घेतलं आणि दुसरं सोडून दिलं.

मिनिटांच्या बाबतीत मात्र विनिकॉट हा ब्रिटिश विश्लेषक जास्त उपयोगी पडतो. १९४७ मध्ये वाचलेल्या, १९४९ मध्ये छापलेल्या निबंधात तो म्हणतो की विश्लेषकाच्या मनातला द्वेष बाहेर पडायला एक रीतसर वाट असते: तास संपतो, ही. हे पहिल्यांदा वाचताना अंगावर येतं. पण बघा, वेळ संपल्यावर थांबवणं म्हणजे ‘आता माझं आयुष्य, तू जा’ असं दर आठवड्याला सांगणं. ज्या थेरपिस्टला एखाद्या क्लायंटचा राग येतोय आणि तो स्वतःशी कबूल करता येत नाही, त्याला नेमकं तेवढं सांगणं जमत नाही. मग तो पाच मिनिटं जास्त देतो. दिसायला माया, आत नाकारलेला वैताग. नेहमी असंच असतं असं नाही. कधी ती पाच मिनिटं खरोखर ओढीची असतात, कधी भीतीची: याला आत्ता थांबवलं तर हा कोसळेल. तीन कारणं, बाहेरून वागणं एकच. म्हणून घड्याळ फक्त इतकंच सांगतं की इथे खणा.

खणायला रॅकरची मांडणी हाताशी ठेवावी. ब्वेनोस आयर्समध्ये काम करणाऱ्या या विश्लेषकाने १९५० च्या दशकात दोन तऱ्हा वेगळ्या केल्या. क्लायंट सांगतोय की वडील चारचौघांत कसे टाकून बोलायचे. ऐकताना थेरपिस्टला लहान, लाजलेलं वाटलं, तर तो क्लायंटच्या बाजूने उभा आहे. हे अनुरूप तादात्म्य. पण ऐकताना ‘किती रडगाणं, उठ की आता’ असं मनात आलं, तर थेरपिस्ट वडिलांच्या खुर्चीत जाऊन बसलाय. हे पूरक तादात्म्य. पहिलं सुखद असतं, आपण सहृदय आहोत असं वाटतं. दुसऱ्याची लाज वाटते म्हणून ते लपवलं जातं, आणि माहिती बहुधा त्यातच जास्त असते. क्लायंट लोकांना वडिलांच्या खुर्चीत कसा नेऊन बसवतो, हे त्याचं बाकीचं जग जसं अनुभवतं तसं आपल्याला आतून कळतं.

पण इथेच सगळ्यात मोठी चूक होते. मला वाटलं, म्हणजे क्लायंटने ते माझ्यात घातलं, असा निष्कर्ष. प्रक्षेपणात्मक तादात्म्य (आपल्यातलं नकोसं मनातल्या मनात दुसऱ्यात घालणं) ही मेलानी क्लाइन या विश्लेषक बाईची १९४६ ची संकल्पना, पण तिचा असा वापर खुद्द क्लाइनला मान्य नव्हता. रुग्णाने माझ्यात गोंधळ भरला असं सांगणाऱ्या शिकाऊ विश्लेषकाला तिने, अरे, गोंधळलायस तू, असं सुनावल्याचा किस्सा सांगितला जातो.

म्हणून भावना पुरावा म्हणून वापरण्याआधी ती तपासावी लागते, आणि तपासणी अगदी कारकुनी पद्धतीची असते. क्लायंट येण्याआधी दोन मिनिटं: झोप किती झाली, भूक आहे का, मागचं सेशन अजून अंगावर आहे का. सेशननंतर १० मिनिटं मोकळी ठेवायची (पाठोपाठ सेशन्स लावणाऱ्यांनी आधी हे दुरुस्त करावं, मग ग्रंथ वाचावेत). त्या १० मिनिटांत कागदाच्या डाव्या अर्ध्या भागात काय बोललं गेलं, उजव्या भागात आपल्यात काय उठलं: जांभई, मानेतला ताण, अचानक आठवलेलं बिल, सल्ला द्यायची खुमखुमी. शक्यतो कोणत्या वाक्यानंतर, तेही. हा कागद क्लायंटच्या औपचारिक नोंदीचा भाग नव्हे. वेगळा ठेवायचा, त्यावर नाव नको.

पेंग हे नेहमीचं उदाहरण. क्लायंट आईच्या आजारपणाबद्दल सपाट आवाजात सांगतोय आणि २५ व्या मिनिटाला थेरपिस्टचे डोळे जड होतात. आधी साधी कारणं बाद करायची. दुपारच्या त्याच वेळेला दुसऱ्या दिवशी येणाऱ्या क्लायंटबरोबरही पेंग येते का? येत असेल तर वेळ बदला, सिद्धान्त नको. येत नसेल आणि या एकाबरोबरच तीन सेशन्स येत असेल, तर कागदाच्या डाव्या बाजूला बघायचं: आजाराचं वर्णन तपशीलवार आहे, पण राग कुठेच नाही, दुःखही नाही. जी भावना खोलीत यायला हवी होती ती नाही, आणि तिच्या जागी झोप आलीय. तरीही हा अंदाजच. क्लायंटच्या दुसऱ्या दोन-तीन नात्यांत तोच नमुना दिसला, म्हणजे बायको म्हणते ‘तुझ्याशी बोलताना मी दमते’, भाऊ फोन लवकर ठेवतो, की अंदाजाला बळ येतं. मग बोलायचं ते क्लायंटबद्दल, आपल्या झोपेबद्दल नाही: “इतकं सगळं घडलं, पण सांगताना तुम्ही स्वतः त्यात कुठे दिसत नाही.”

आणि ही भावना पूर्णपणे आपलीच निघाली तर? थेरपिस्टची आईही तशाच आजाराने गेली असेल तर? तर ती क्लायंटच्या खात्यात टाकायची नाही. ती स्वतःच्या थेरपीत न्यायची. सुपरव्हिजन (अनुभवी थेरपिस्टसमोर आपल्या केसेस मांडणं) त्यासाठी नसते, तरी सुपरव्हिजनमध्ये तिचा वास लागतो: १९५५ मध्ये सर्ल्स या अमेरिकन विश्लेषकाने दाखवलं की क्लायंट आणि थेरपिस्टमध्ये जे चाललंय तेच थेरपिस्ट आणि सुपरव्हायझरमध्ये नकळत उभं राहतं. सुपरव्हिजनचा तासही पाच मिनिटं लांबला, तर दोघांनीही थांबून बघावं.

एवढं करूनही थेरपिस्ट क्लायंटच्या नाटकात पात्र होतोच. सँडलर या विश्लेषकाने १९७६ मध्ये याला भूमिका स्वीकारण्याची तयारी म्हटलं: क्लायंट हलकेच एक भूमिका पुढे करतो, आपण ती उचलतो, आणि उचलल्यावर लक्षात येतं. यात शरम वाटण्यासारखं काही नाही, मात्र पुढे काय करायचं ते ठरलेलं हवं. लांबलेल्या सेशन्सच्या बाबतीत दोन चुका नेहमी होतात. एक, चूक कळताच पुढच्या वेळी ठीक ५० व्या मिनिटाला, वाक्याच्या मध्ये, कोरड्या आवाजात ‘वेळ झाली’. क्लायंटच्या लेखी ही शिक्षा, आणि कशाची ते त्याला माहीत नाही. दुसरी, सगळं उघड करणं: तुमच्याबद्दल मला काळजी वाटते म्हणून मी वेळ वाढवत होतो. आता क्लायंटला थेरपिस्टला सांभाळावं लागतं.

त्याऐवजी सेशनच्या सुरुवातीलाच, शेवटी नव्हे: “गेले तीन आठवडे आपण वेळेच्या पुढे गेलो. ते माझ्याकडून झालं. आजपासून ठरलेल्या वेळी थांबू. त्या जादा वेळेबद्दल तुम्हाला काय वाटत होतं?” उत्तरं चकित करणारी येतात. कुणाला ती मिनिटं बक्षीस वाटलेली असतात, कुणाला कर्ज. कुणी म्हणतं, मला तर निघायचं होतं, पण तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बसलो. या शेवटच्या उत्तरात पुढच्या दोन-तीन महिन्यांचं काम असतं.

प्रेमाच्या ट्रान्स्फरन्सवर वेगळं लिहायला हवं, इथे थोडक्यात. १९१५ मध्ये फ्रॉइडने सांगितलेली वाट अजून तीच आहे: प्रतिसाद द्यायचा नाही, आणि ‘असं मनात आणू नका’ म्हणून दाबायचंही नाही. भावना खरी मानायची आणि ती कुठून आली ते दोघांनी मिळून बघायचं. थेरपिस्टच्या बाजूने धोक्याच्या खुणा पुन्हा वागण्यातच दिसतात: त्या क्लायंटची वेळ दिवसातली शेवटची होणं, त्या दिवशी कपड्यांकडे जास्त लक्ष, फी कमी करणं, स्वतःच्या घरच्या गोष्टी ओठांवर येणं, आणि सुपरव्हिजनमध्ये नेमकी हीच केस न निघणं. शेवटची खूण दिसली की बाकीच्यांची वाट बघू नये, त्याच आठवड्यात केस तिथे न्यावी. शारीरिक संबंध नकोच, याला कुठलाच अपवाद नाही, ‘दोघांची इच्छा होती’ हाही नाही.

राहिली ती ४९ व्या मिनिटाची गोष्ट. बरेच क्लायंट सगळ्यात जड वाक्य उठता उठता बोलतात, हात दाराच्या कडीवर असताना. थेरपिस्टला ते टाकून देता येत नाही आणि उघडताही येत नाही. तेव्हा: “हे महत्त्वाचं आहे. आज यासाठी वेळ उरला नाही, पुढच्या वेळी इथून सुरू करू.” आणि नोंद. पुढच्या सेशनला क्लायंटने पहिल्या १५-२० मिनिटांत ते काढलं नाही, तर थेरपिस्टने काढायचं. त्याच्यासाठी ते विसरल्याचं सोंग आपण घ्यायचं नाही. वारंवार असंच होत असेल, तर ते वाक्य दाराशीच का येतं, हाच विषय.

दाराशी आलेलं वाक्य जीव देण्याबद्दलचं असेल तर मात्र घड्याळ बाजूला. बसायचं, सरळ विचारायचं: विचार किती दिवसांचा, साधन हाताशी आहे का, आज रात्री सोबत कोण आहे. सोय लागेपर्यंत उठायचं नाही, पुढच्या क्लायंटला थांबायला सांगायचं. ती जादाची मिनिटं नोंदीत कारणासकट लिहायची.